रांजणपारखी

एका राज्यात सगळं काही भरलेलं होतं. विहिरी काठोकाठ, कणग्या गळ्यापर्यंत, आणि राजवाड्याखालच्या तळघरात रांजणांच्या रांगाच रांगा. रांजणांची तोंडं मातीनं लिंपून बंद केलेली. आत सोनं आहे असं राजा म्हणे. राजा म्हणे म्हणून प्रधान म्हणे, आणि प्रधान म्हणे म्हणून सगळी प्रजा म्हणे. उघडून मात्र कुणीच पाहिलं नव्हतं, कारण त्या राज्याचा रिवाजच तसा होता. भरल्या रांजणाला बोट लावायचं नाही, तो वाजवायचा नाही, आत डोकवायचं नाही, नाहीतर बरकत जाते. घरोघरच्या सुनासुद्धा दाणे काढताना मान वळवून, न बघता, हातानं चाचपून काढत.

दर सुगीनंतर तळघरात नवे रांजण आपोआप उभे राहत. ते कुठून आले, कुणी भरले, हे कुणी विचारत नसे. घरात आयती भर पडत असताना कोण कशाला विचारील? तुम्ही विचारलं असतं? मी तर नसतं विचारलं.

त्या राज्यात हैबती नावाचा कुंभार होता. त्याला साळू नावाची एक लेक होती. आई लहानपणीच गेलेली, म्हणून पोर चाकाशेजारी, चिखलात, बापाच्या थापटण्याचा आवाज ऐकत वाढली. थापटणं म्हणजे ओलं मडकं बाहेरून ठोकून घडवायची लाकडी फळी. हैबतीची ठोकायची एक लय होती. दोन जोरकस ठोके, मग दम, मग एक हलका ठोका, जणू मडक्याची समजूत काढतोय. साळूला पाळण्यात अंगाईच्या जागी हेच ऐकू आलं होतं.

तिला एकच खोड होती. दिसेल ती वस्तू ती ठोकून बघे. मडकं वाजवून घेतात हे ठीक, पण ही पोर दरवाजे वाजवी, झाडांची खोडं वाजवी, देवळाचा खांब वाजवी, म्हशीची पाठ वाजवी, आणि कान लावून बसे. आत काय आहे? लाकूड आत कुजलंय का? भिंतीत पोकळी आहे का? रांजणात पाणी कुठवर आहे, हे तिला झाकण न उघडता, खालून वर ठोकत गेलं की कळे.

"साळे, ठोकत हिंडून कुणाचं पोट भरलंय का?" हैबती म्हणे. "चाकावर बस. हाताला वळण लाव."

"आबा, पण आत काय हाय ते कळायला नको?"

"आत काय असायचंय? आत ते आतलं असतंय."

आणि हैबती पुन्हा थापटणं उचले.

एके दिवशी भर दुपारी वेशीवरचा पहारेकरी उन्हात उभा होता. साळू पाण्याची घागर घेऊन चालली होती. थट्टेनं तिनं जाता जाता त्याच्या पाठीवर बोटाचं पेर वाजवलं.

खणण् आवाज आला.

साळूच्या हातून घागर सुटली. मडक्यातून असा आवाज आला की तिचा बाप खूश होई, कारण मडकं पक्कं भाजलंय, रिकामं आहे, विकायला तयार आहे. पण माणसातून? तिनं पुन्हा ठोकलं. खणण्. पहारेकऱ्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. त्याच्या पायावर घागरीची खापरी लागून रक्त आलं होतं, तेही त्यानं पाहिलं नाही. त्याचे डोळे उघडे होते, छाती हलत होती, भाला सरळ होता. फक्त आत कुणी नव्हतं.

त्या दिवसापासून साळूचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिनं बाजारात कुणाच्या खांद्याला, कुणाच्या पाठीला चोरून बोट लावून पाहिलं. तेली रिकामा होता. देवळातला गुरव रिकामा होता. ओट्यावर पोराला दूध पाजत बसलेली एक बाई रिकामी होती, आणि पोर टाहो फोडत होतं तरी ती समोर बघत होती. काही माणसं अर्धीच रिकामी होती. ही पोकळी टाचांपासून सुरू होई आणि वर चढे. गुडघे, कंबर, छाती. गळ्यापर्यंत पोचली की माणूस संपला. तो जेवे, चाले, काम करी, पण हाक मारली तर ओळख देत नसे.

आणि वारा सुटला की! त्या माणसांच्या अर्धवट उघड्या तोंडांवरून वारा जाई, आणि रिकाम्या घागरीच्या तोंडाशी फुंकर मारल्यावर येतो तसा घुमारा साऱ्या रस्त्यांतून उठे. ऊऽऽऽ. ऊऽऽऽ. लोक खिडक्या लावून घेत, कानांत बोटं घालत. पण तो आवाज कसला, असं कुणी विचारत नसे.

साळूनं सांगून पाहिलं. शेजारणीला सांगितलं, तिनं दार लावून घेतलं. पाटलाला सांगितलं, त्याची बोबडी वळली आणि तो म्हणाला, "माझ्या अंगाला बोट लावशील तर याद राख." कुणालाच आपला आवाज ऐकायचा नव्हता. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली, की जो कुणी माणसाला ठोकून बघेल त्याचं बोट छाटलं जाईल. दवंडी राजाच्या नावाची होती, पण तिच्यावर शिक्का होता त्याचा भांडारी करालक याचा.

हा करालक मोठा मांत्रिक होता. राजाच्या आजोबाच्या काळापासून तो भांडार सांभाळत होता आणि तेव्हापासून एका केसानंही म्हातारा झाला नव्हता. पायावरून नाग गेला तरी तो खाली बघत नसे. भर उन्हाळ्यातही अंगावर जाड घोंगडी घेऊन फिरे. त्याला कसली भीतीच नाही, असं लोक कौतुकानं सांगत.

दवंडी ऐकून साळू घरी आली. हैबती चाकाशी बसला होता. थापटणं चालू होतं, पण लय चुकली होती. दोन ठोके, दम... आणि तिसरा हलका ठोका आलाच नाही.

साळूच्या काळजात चर्र झालं. ती बापाच्या मागे बसली. छाटलं तर छाटू दे बोट. तिनं त्याच्या टाचेला पेर लावलं. खणण्. गुडघा, खणण्. कंबर, खणण्. छातीत आवाज बदलला. तिथं अजून जड होतं, भरलेलं होतं. थोडंसंच.

"आबा," ती म्हणाली, "मला वळखता का?"

हैबतीनं वळून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कुणाची गं तू?"

साळू तिथून धावत सुटली ती थेट गावाबाहेरच्या माळावर. तिथं एका वाळलेल्या सागाखाली बसून ती ढसाढसा रडली. वर एक सुतारपक्षी खोड ठोकत होता. ठोके मारी, मान तिरकी करून ऐके, पुन्हा ठोके मारी. त्या राज्यात पक्षी बोलत, पण माणसांशी बोलण्यासारखं त्यांना फारसं काही सापडत नसे.

"रडणं थांबव," सुतारपक्षी म्हणाला. "मला आतला किडा ऐकू येत नाही."

साळूनं डोळे पुसले. "तूही ठोकतोस?"

"मी पोटासाठी ठोकतो. तू कशासाठी?"

"आत काय आहे ते कळावं म्हणून."

पक्ष्यानं तिच्याकडे एका डोळ्यानं पाहिलं. "मग तुझी भूक माझ्यापेक्षा मोठी आहे. सांभाळून राहा."

"माझा बाप आतून रिकामा होतोय. त्याचं आतलं जातं कुठं?"

"किडा खोड पोखरतो, तेव्हा भुसा कुठे तरी साठतो. झाडाकडे बघत बसू नकोस. भुसा शोध. तुमच्या राज्यात काय भरत चाललंय?"

साळू ताडकन उठून उभी राहिली. तिला एकदम सगळं दिसलं, आणि दिसताच तिच्या तोंडचं पाणी पळालं.

राजा धवलसेनाचा दरबार भरला होता. साळू कमरेला बापाचं थापटणं खोचून आत गेली आणि तिनं हात जोडले.

"महाराज, तळघरातला एक रांजण मला वाजवू द्या."

सगळ्या दरबारानं श्वास रोखला. कुणी कानांवर हात ठेवले. राजा म्हणाला, "भरला रांजण वाजवत नाहीत. तुला हे शिकवलं नाही कुणी?"

"शिकवलं, महाराज. पण का नाही वाजवत, ते कुणी सांगितलं नाही."

राजानं करालकाकडे पाहिलं. उत्तर राजालाही ठाऊक नव्हतं.

करालक पुढे आला. "वाजवू द्या तिला, महाराज. पण भांडाराच्या तीन परीक्षा असतात. पार पडली तर तिनं हवा तो रांजण घ्यावा." त्यानं टाळी वाजवली. दोन सेवकांनी एक कोरा रिकामा रांजण आणून साळूसमोर ठेवला. "आणि चुकली, तर हा तिचा."

"मान्य आहे," साळू म्हणाली. बापाच्या छातीत उरलेला तो जडसर आवाज तिच्या कानात होता. तो संपायच्या आत तिला पोचायचं होतं.

ती पाऊल टाकायला गेली आणि थबकली. दगडी फरशीवर तिच्याच टाचेचा आवाज आला होता. बारीक, पण स्पष्ट. खणण्. मागे वळून पाहिलं, तर कोऱ्या रांजणाच्या तळाशी काही तरी हळूहळू साठत होतं.

पहिली परीक्षा तीन दरवाजांची होती. राजा आणि करालक तिच्याबरोबर खाली आले. तळघराच्या तोंडाशी एकासारखे एक तीन दरवाजे होते. "एक भांडारात उघडतो," करालक म्हणाला. "उरलेल्या दोहोंत जे गेले ते परत आले नाहीत."

साळूनं पहिला दरवाजा ठोकला. आवाज आत गेला तो खाली खाली जातच राहिला. तिथं तळ नव्हता. तिनं दुसरा ठोकला आणि कान लावला. आत काहीच नव्हतं. ती कान काढणार, तोच आतून कुणी तरी, अगदी तिच्याच पद्धतीनं, बोटाच्या पेरानं, परत ठोकलं.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. राजानं ते ऐकलं आणि तो दोन पावलं मागे सरला. साळूनं स्वतःला ओढतच तिसऱ्या दरवाजापाशी नेलं. त्याचा आवाज जड होता, भरलेला. पलीकडे रांगाच रांगा होत्या. "हा," ती म्हणाली. दरवाजा उघडला. आता तिचे घोटेही वाजत होते.

दुसरी परीक्षा तीन रखवालदारांची. भांडाराच्या उंबऱ्यात ते भाले घेऊन उभे होते, प्रत्येकाच्या कमरेला एकेक किल्ली. "यांतल्या भरल्या माणसाच्या हातूनच किल्ली घ्यायची," करालक म्हणाला. "रिकाम्याच्या हातून घेतलीस, तर परीक्षा संपली."

तिनं पहिल्याला ठोकलं. खणण्. दुसऱ्याला ठोकलं. खणण्. चला, तिसराच. पण सवयच ती, कळलं तरी ठोकल्यावाचून राहवेना. तिसऱ्यालाही तिनं बोट लावलं. खणण्.

"महाराज, यांत भरलेलं कुणीच नाही," साळू म्हणाली.

करालकाचा चेहरा हलला नाही. "मग या जागी भरलेलं कोण आहे, ते सांग."

राजा हसला. "मी आहे. ए रखवालदारा, दे ती किल्ली इकडे."

"महाराज," साळू हळूच म्हणाली, "आपल्या अंगाला बोट लावायची परवानगी असावी."

दवंडी राजाच्याच नावाची होती. पण दुसऱ्या दरवाजामागचे ठोके अजून त्याच्या कानांत होते. त्यानं मान हलवली. साळू खाली बसली आणि तिनं राजाच्या टाचेला पेर लावलं.

खणण्.

राजाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. साळू वर सरकत गेली. पोटरी, गुडघा. गुडघ्याच्या वर आवाज जड झाला.

"गुडघ्यापर्यंत गेलंय, महाराज. वर अजून आपण आहात."

राजा भिंतीला टेकला. त्याला आठवलं, की गेल्या महिन्यात राणी आजारी पडली तेव्हा धावत जावंसं वाटलं आणि पाय हललेच नाहीत. शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं रखवालदाराच्या कमरेची किल्ली घेतली, साळूच्या हातावर ठेवली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पोरी, लवकर कर."

तिसरी परीक्षा भांडारात होती.

नजर पोचेल तिथवर रांजण. दिवसाचा उजेड वरच्या झरोक्यांतून तिरपा येत होता आणि धुळीत थबकल्यासारखा दिसत होता. "हवे तितके वाजव," करालक म्हणाला, "पण एकच फोड. जो फोडशील त्याच्या धन्याला त्याचं आतलं परत मिळेल. बाकीचे कायमचे माझे. आणि लवकर कर. तुझे गुडघे वाजताहेत."

साळूनं जवळचा रांजण ठोकला आणि कान लावला. सोन्याचा आवाज नव्हता तो. आत एक बाई पुटपुटत होती, पोराचं नाव घेत होती. पुढच्यात कुणी तरी मोठ्यानं बैलाला हाक मारत होतं. पुढच्यात हसू होतं, अर्धवट गिळलेलं. त्याच्या पुढच्यात नुसते हुंदके. रांजणामागून रांजण. सगळं राज्य इथं होतं, मातीनं तोंड लिंपून, एकमेकांना खेटून उभं, आणि वर लोक बरकतीच्या आरत्या ओवाळत होते.

साळू रडत, लंगडत पुढे गेली. तिला आता स्वतःचे पाय जाणवतच नव्हते. पार कडेच्या रांगेत ती पोचली आणि तिच्या पेराखाली आवाज आला. दोन ठोके. दम. एक हलका ठोका.

"आबा!"

रांजणाच्या तोंडाचं लिंपण ओलं होतं. आत्ताच, या घटकेलाच, पोकळी गळ्यापर्यंत पोचली होती. घरी चाकाशी बसलेला तो माणूस आता पुरता रिकामा होता. त्याचं सगळं इथं होतं, हाताच्या अंतरावर. साळूनं कमरेचं थापटणं काढलं आणि उगारलं.

"फोड," करालक म्हणाला. "बापच तो तुझा."

फोडलंच असतं तिनं. कुणीही फोडलं असतं. पण करालकाच्या आवाजात तिला काही तरी ऐकू आलं. वरून थंडगार, आत सुटका झाल्यासारखं. याला एवढं बरं का वाटतंय? साळूचा हात वरच्या वर राहिला. कितीही भ्यालेली असो, तिच्या डोक्यात एकदा का प्रश्न शिरला की तो बाहेर जात नसे.

तिनं करालकाकडे पाहिलं. सगळा वेळ तो एकाच जागी उभा होता, सगळ्या रांगांच्या सुरुवातीला. त्याच्या घोंगडीचा सोगा जमिनीवर लोळत होता, आणि सोग्याखाली काही तरी लहानसं झाकलेलं होतं.

आणि तिला बापाची भट्टी आठवली. एखादे वेळी भट्टी उघडली की वरची मडकी एकामागून एक तडकलेली निघत. बायका हळहळत. हैबती मात्र वरच्या मडक्यांकडे बघतही नसे. तो सगळी रास उतरवी आणि तळातलं पहिलं मडकं शोधी. ते कच्चं राहून बसलेलं असे, आणि त्याच्यामुळे वरची सगळी रास कललेली असे. "रडायचं तर हेच्यासाठी रड," तो म्हणे.

साळू बापाच्या रांजणावर कपाळ टेकून म्हणाली, "आबा, जरा थांबा." आणि कमरेपर्यंत रिकाम्या झालेल्या अंगानं, हातांनी रांजणांना धरत धरत, ती उलटी फिरली.

"तिकडे काही नाही," करालक म्हणाला. पहिल्यांदाच तो भरभर बोलला.

"मग वाजवून काय बिघडेल?"

तिनं घोंगडीचा सोगा ओढला. खाली हातभर उंचीचा एक काळा रांजण होता, सगळ्यांत जुना. तिनं त्याला पेर लावलं आणि कान टेकला. आत अंधारात कुणी तरी धापा टाकत होतं. दडून बसलेल्या माणसासारखं, कुणी शोधू नये म्हणून श्वास दाबणारं. नुसती भीती होती ती. एका माणसाची सगळी, पहिल्यापासूनची भीती.

साळूनं मान वर केली. करालकाच्या छातीवरची घोंगडी सरकली होती. तिनं हात लांब करून त्याच्या बरगडीवर ठोकलं. एवढा मोठा, एवढा खोल खणखणाट तिनं कधी ऐकला नव्हता.

"तुम्ही पहिल्यांदा स्वतःलाच रिकामं केलंत," ती म्हणाली. "भीती नको म्हणून. आणि मग ती पोकळी भरेचना."

"त्याला हात लावू नकोस," करालक म्हणाला. "तो फोडलास तर बाप गेला. एकच फोडायचा आहे."

हे खरं होतं. आत भीती आहे एवढंच तिला कळलं होतं, फोडल्यावर काय होईल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिकडे कडेला दोन ठोके, दम, एक हलका ठोका चालूच होतं. साळूनं डोळे मिटले नाहीत. थापटणं दोन्ही हातांनी धरलं आणि काळ्या रांजणावर घातलं.

रांजण फुटला. करालकाच्या तोंडून जी किंकाळी निघाली, ती ऐकून राजवाड्यावरची कबुतरं उडाली. तो जमिनीवर पडला, हातांनी तोंड झाकून कोपऱ्यात सरपटत गेला, आणि बघता बघता त्याचे केस पांढरे झाले, पाठ वाकली, सगळं राहून गेलेलं म्हातारपण एकदम त्याच्या अंगावर आलं. झरोक्यातून एक पाल टपकली तर तो थरथर कापू लागला. ज्याला पालीचं भय वाटतं, त्याला साऱ्या राज्याला मंत्रानं बांधून ठेवता येत नाही. रांगांतून एकामागून एक कट्कट् आवाज येऊ लागले. लिंपणं तडकत होती.

"फोडा सगळे!" राजा ओरडला.

"नको, महाराज!" साळूही ओरडली. "करालक समोर होता म्हणून त्याचं त्याला मिळालं, धनी समोर नसताना उघडलं तर वाऱ्यावर उडून जाईल. कोणता कुणाचा ते आधी ऐकायला हवं."

"ते कोण ऐकणार?"

साळूनं आपल्या बोटाकडे पाहिलं.

सेवकांनी दरबारातला तिचा तो कोरा रांजण आणला. तिनं तो आडवा केला आणि तिच्या पायांत मुंग्यांसारखं काही तरी चढत आलं. मग राजा म्हणाला, "आधी माझा शोध." साळू म्हणाली, "आधी ज्यांच्या गळ्यापर्यंत गेलंय त्यांचे, महाराज. आपण गुडघ्यावर आहात." राजानं क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि स्वतः बाजूला होऊन तिला वाट दिली.

हैबतीला गाडीत घालून आणलं. वाऱ्याबरोबर त्याच्या तोंडातून घुमारा निघत होता. त्याला रांजणासमोर बसवून साळूनं ओलं लिंपण बोटानं काढलं. काही दिसलं नाही. फक्त घुमारा थांबला. हैबतीनं डोळ्यांची उघडझाप केली आणि म्हणाला, "साळे, चाक उघड्यावर टाकून आलीस व्हय?"

ती त्याच्या गळ्यात पडून इतकी रडली, की राजाचाही डोळा ओला झाला, म्हणजे गुडघ्याच्या वर तो खरोखरच होता.

राजानं तिला पद दिलं. पूर्वी असं पद नव्हतं, म्हणून नावही तिलाच शोधावं लागलं. रांजणपारखी. रोज सकाळी उठावं, तळघरात जावं, एक एक रांजण ठोकावा, ऐकावा, धनी शोधून आणावा, समोर बसवावा, उघडावा. पहारेकरी भरला, गुरव भरला, त्या बाईनं टाहो फोडणाऱ्या पोराला उराशी धरलं. ज्यांचे धनी जिवंत राहिले नव्हते त्यांचे रांजण साळू नदीकाठी नेई, शेवटचं एकदा ऐके आणि वाऱ्यावर सोडून देई. जे लोक तिचं बोट बघून दारं लावत होते, तेच आता तिच्या ओट्यावर पाठ करून बसत. "जरा बघ गं, मी आहे ना?" या कामाचा तिला कधी कंटाळा आला नाही. कोवळ्या उन्हात पाय आपोआप तळघराकडे वळत. भीती मात्र गेली नाही. दर रांजणाला बोट लावताना ती तिथंच असे, आणि तरीही बोट पुढे जाई.

करालकाला कुणी मारलं नाही. तो साळूला माती मळून देई. चांगली मळे, पण मोठ्यानं कुणी शिंकलं तरी दचके. आणि दुसऱ्या दरवाजाचं नाव काढलं, की उठून बाहेर जाई.

शेवटचा रांजण उघडला त्या दिवशी राज्यात गुढ्या उभारल्या. वारा सुटला होता आणि रस्त्यांतून नुसता वाऱ्याचाच आवाज येत होता. भरला रांजण वाजवू नये हा रिवाज राजानं मोडला. सुना आता दाणे काढताना उघड्या डोळ्यांनी आत बघत. हैबती लेकीला न्यायला राजवाड्यात आला. वर कुठे ती दिसेना, म्हणून तो तळघराच्या पायऱ्या उतरला.

साळू दुसऱ्या दरवाजासमोर बसली होती. कान फळीला लावलेला, चेहरा पांढराफटक. तिनं बोटाच्या पेरानं ठोकलं. थोड्या वेळानं आतून परत ठोका आला.

हैबतीच्या अंगाला दरदरून घाम फुटला. लेकीचा हात धरून ओढत घरी न्यावं, असं त्याला वाटलं. जन्मभर त्यानं तेच तर केलं होतं. त्यानं पायऱ्यांवरून वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि हळूच येऊन तिच्या शेजारी बसला. दाराला आपलाही कान लावला.

"साळे," तो कुजबुजला, "आत काय असंल गं?"

"ठाऊक नाही, आबा," साळू म्हणाली, आणि तिनं पुन्हा ठोकलं.